मेडिकल की व्यावसायिक बास्केटबॉल? मुलीपुढचा प्रश्न, जाणकारांनी बोला

मृण्मयी_ओहायो

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी मुलगी अमेरिकेत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संघटना) पहिल्या, म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये बास्केटबॉल खेळते, पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी. कॉलेज काही फार गाजलेलं नाही, मार्च महिन्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत टीव्हीवर दिसणाऱ्यांतलं तर नाहीच. पूर्ण स्कॉलरशिप आहे. विषय जीवशास्त्र, आणि डॉक्टर व्हायचं शाळेपासून ठरलेलं. मार्कही उत्तम आहेत.

या हंगामात ती फार सुंदर खेळली आणि एका एजंटने तिच्या कोचकडे विचारणा केली. डब्ल्यूएनबीए (अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग) नव्हे, ते तिलाही पक्कं माहीत आहे. पण पदवीनंतर युरोपात दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये, स्पेन नाहीतर जर्मनीत, जागा मिळू शकेल म्हणतो. राहायला घर, येण्याजाण्याचं तिकीट आणि हातखर्चाला पुरेल इतका पगार. मुलगी म्हणते, "एक-दोन वर्षं खेळू दे गं, मेडिकल कुठे पळून जातंय?" नवरा म्हणतो, पळून जातं. एकदा अभ्यासाची सवय सुटली की सुटली.

मला आतून वाटतं की तिने खेळावं. बाविसाव्या वर्षीचे पाय बत्तिसाव्या वर्षी मिळत नाहीत. पण नुसतं वाटून काय उपयोग, नवऱ्याशी बोलायचं तर हातात माहिती हवी. कोणाच्या घरात असा प्रसंग आला आहे का? प्रवेशप्रक्रियेतलं कोणी असेल तर नक्की लिहा.


निरंजन७७

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

आधी आकडे बघू. २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीएत १२ संघ होते, एका संघात जास्तीत जास्त १२ जणी. म्हणजे अख्ख्या लीगमध्ये १४४ खुर्च्या. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडू निवडतात त्यात, ३६ मुली निवडल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी जणींना हंगाम सुरू व्हायच्या आतच नारळ मिळाला. एनसीएएच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये महिलांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. गुणाकार तुम्हीच करा. आणि पगार? केटलिन क्लार्क, जिच्यामुळे त्या वर्षी महिलांचा कॉलेज अंतिम सामना पुरुषांच्या सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला, तिचा पहिल्या वर्षीचा पगार ७६,५३५ डॉलर. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूची ही कथा. युरोपातल्या दुसऱ्या फळीत काय मिळत असेल?

दुसरा मुद्दा. मेडिकलची चार वर्षं, मग रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची, तीन ते सात. एक वर्ष उशीर झाला तर ते वर्ष सुरुवातीचं जात नाही, शेवटचं जातं. म्हणजे पूर्ण डॉक्टर म्हणून कमाईचं एक वर्ष कमी. हा खर्च कोणी मोजत नाही.


किल्लेदार

वाचतोय. पुतणी पुण्यात खेळते, तिच्यासाठी उपयोगी पडेल.


रेवा_एम

मृण्मयीताई, मी इथे इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्ट आहे. कॉलेजात खेळले, पण तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते. तुमच्या लेकीइतकी मोठी खेळाडू मी नव्हते, मात्र प्रवेशाची वाट तीच चालून आले आहे.

निरंजनदादांचे आकडे बरोबर आहेत, पण एक मोठी गोष्ट राहून गेली. इथे पदवी झाली आणि लगेच ऑगस्टमध्ये मेडिकलला, असं आता बऱ्याच जणांचं होत नाही. मधे एखाददुसरं वर्ष जातंच. माझ्या वर्गात सरळ आलेले कमीच होते. कोणी प्रयोगशाळेत काम केलं, कोणी ॲम्ब्युलन्सवर, कोणी शिकवलं.

आणि ते वर्ष का जातं, ते समजून घ्या. अर्ज मे-जूनमध्ये भरायचा. जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध येतात. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मुलाखती. प्रवेश त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. आता युरोपातला हंगाम बघा: ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात सराव, ऑक्टोबर ते एप्रिल-मे सामने. पदवी मिळाली त्याच जूनमध्ये अर्ज केला, निबंध निघायच्या आत लिहून टाकले, तर अर्जाचं वर्ष आणि खेळाचं वर्ष एकच होतं. वेगळं वर्ष घालवावंच लागत नाही. मुलाखती कोविडपासून बऱ्याच ठिकाणी व्हिडिओवर होतात. ओहायोतले सकाळचे नऊ म्हणजे स्पेनमध्ये दुपारचे तीन. सराव संध्याकाळी असला तर मुलाखत देऊन आरामात मैदानावर.

अट एकच: एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, आधी झालेली हवी. साडेसात तासांची परीक्षा आहे, युरोपात बसच्या मागच्या सीटवर तिची तयारी होत नाही.


निरंजन७७

रेवा, हे मला माहीत नव्हतं. एका वर्षाचं गणित पटलं. पण मुलगी "एक-दोन" म्हणतेय. दुसऱ्या वर्षाचं काय?


रेवा_एम

दुसरं वर्ष हवं असेल तर अर्जच एक वर्ष उशिरा करायचा. एमकॅटचे गुण बहुतेक कॉलेजं दोन ते तीन वर्षं धरतात, त्यामुळे तेही बसतं. तिसरं वर्ष मात्र अंगावर येतं, कदाचित परीक्षाच पुन्हा द्यावी लागेल. म्हणून मी दोनच्या पलीकडे जाऊ नका म्हणेन, निदान आधी ठरवून तरी नाही.

पगाराचंही सांगते. २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीएचा किमान पगार ६४,१५४ डॉलर होता. मला रेसिडेन्ट म्हणून पहिल्या वर्षी साधारण तेवढाच मिळाला, आठवड्याला जवळजवळ ऐंशी तास काम करून. तेव्हा "खेळात पैसे नाहीत" म्हणून मेडिकलला ढकलू नका, पहिली दहा वर्षं तिथेही नाहीत.


खट्याळ_कार्टा

डब्ल्यूएनबीएत नर्स आधीच आहे, कॅनडाची किया नर्स. डॉक्टरच कमी होती. पाठवा मुलीला.


शर्वरी

कार्ट्या, लीगला डॉक्टरही मिळता मिळता राहिली. एरिका ओगुमिकेचं उदाहरण या धाग्यावर यायलाच हवं.

ओगुमिके बहिणी बास्केटबॉल बघणाऱ्यांना माहीत असतील. न्नेका २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिली, चिने २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पहिली, दोघी स्टॅनफर्डच्या. एरिका धाकटी. ती टेक्सासच्या राइस विद्यापीठात खेळली, आणि तिचं डॉक्टर व्हायचं आधीपासून ठरलेलं. २०२० मध्ये न्यूयॉर्क लिबर्टीने तिला २६व्या क्रमांकावर निवडलं, लगेच तिचे हक्क मिनेसोटा लिंक्सकडे गेले. कोविडमुळे त्या वर्षी सराव शिबिरं वेळेवर झाली नाहीत, संघांनी कितीतरी नवख्यांना न बघताच सोडून दिलं, त्यात तीही गेली. तिने मेडिकलची वाट धरली. आणि तरी २०२१ च्या उन्हाळ्यात टोकियो ऑलिंपिकला नायजेरियाकडून खेळली!

मला यातून दिसतं ते असं की दार एकदाच बंद होत नाही. लीगचं दार बंद झालं, राष्ट्रीय संघाचं उघडं राहिलं.


अण्णा_टेक्सास

शर्वरी, एरिका ओगुमिके ही अपवादातली अपवाद. दोन बहिणी पहिल्या क्रमांकाच्या, घरात खेळ मुरलेला. आपल्या मुलींना त्या मापाने मोजू नये.

माझा सल्ला: आधी प्रवेश पदरात पाडून घ्या, मग कॉलेजला सांगा की एक वर्ष उशिरा येते. जागा राखून ठेवतात. माझ्या मित्राच्या मुलाला दिली होती.


रेवा_एम

अण्णाकाका, देतात, पण हमखास नाही. प्रत्येक कॉलेजची पद्धत वेगळी, कारण लेखी द्यावं लागतं, आणि एकदा जागा राखली की बहुतेक ठिकाणी त्या वर्षी दुसरीकडे अर्ज करता येत नाही. व्यावसायिक खेळ हे कारण चांगलं समजलं जातं, एवढं खरं. पण त्याच्या भरवशावर क्लबशी करार करू नका.


हाडवैद्य_नाशिक

मी ऑर्थोपेडिक सर्जन. माझ्याकडे येणाऱ्या खेळाडू मुलींत सगळ्यात वाईट बातमी मला एसीएलची, म्हणजे गुडघ्यातला बंध तुटल्याची, द्यावी लागते. उडी मारून उतरताना किंवा धावता धावता दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि 'टप्' असा आवाज येतो, मुलींना तो आवाज नीट आठवतो. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा कित्येक पट जास्त आहे. शस्त्रक्रिया झाली की मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष. अमेरिकेतली कॉलेज खेळाडू पेज ब्युकर्स, तिचा २०२२-२३ चा अख्खा हंगाम असाच गेला, आणि ती तर तेव्हा कनेटिकट विद्यापीठाची, सगळ्या सोयी हाताशी.

याचा अर्थ खेळू नये असा नाही. गुडघा बरा होतो, मेडिकलला काही आडवा येत नाही. मला काळजी बोटांची वाटते. बास्केटबॉलमध्ये चेंडू बोटाच्या टोकावर आदळून शेवटच्या पेराचा स्नायुबंध तुटणं नेहमीचं आहे. खेळाडू टेप गुंडाळून पुन्हा उतरतात आणि बोट कायमचं वाकडं राहतं. ज्या मुलीला उद्या सर्जरी करायची आहे तिने बोट दुखावल्यावर त्याच दिवशी एक्स-रे काढायचा आणि स्प्लिंट सहा-आठ आठवडे अजिबात काढायचा नाही, आंघोळीलाही नाही. कोच काहीही म्हणो.


मृण्मयी_ओहायो

डॉक्टर, डाव्या करंगळीचं असंच झालंय तिचं मागच्या वर्षी. टेप लावून खेळली. तेव्हापासून ते पेर सरळ होत नाही. संघाच्या ट्रेनरने "किरकोळ आहे" म्हणून सोडून दिलं होतं.


हाडवैद्य_नाशिक

डावी करंगळी असेल तर फारसं बिघडत नाही. तरी एकदा हाताच्या सर्जनला दाखवून घ्या. आणि हे जुनं आहे असं क्लबच्या वैद्यकीय तपासणीत लेखी नोंदवून घ्या, नाहीतर उद्या विम्याच्या वेळी वाद होतो.


केतकी_नागपूर

मृण्मयीताई, तुमचा धागा मी तीनदा वाचला, कारण मला हा प्रश्न विचारायचीही मुभा नव्हती.

मी राज्याकडून ज्युनियर खेळले. नागपुरात बास्केटबॉलचं वेड आहे, उन्हाळ्यात पहाटे पाचला मैदानावर मुली असतात. अकरावीत गेले आणि घरात एका वाक्यात विषय संपला: आता खेळ बंद. आपल्याकडे एमबीबीएसला अठराव्या वर्षी जायचं, म्हणजे निर्णय सोळाव्या वर्षी. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पण नीटला त्यांचा काडीचा उपयोग नाही. मी डॉक्टर झाले, आनंदात आहे, बालरोगतज्ज्ञ आहे. पण मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला नाव द्यायला गेले तर संघच नव्हता, पाच मुली जमल्या नाहीत.

तुमच्या मुलीला अमेरिकेच्या पद्धतीने एक गोष्ट फुकट दिली आहे, ती म्हणजे बावीस वर्षांपर्यंत दोन्ही हातात ठेवता येणं. आता त्यातलं एक लगेच टाकून द्यायची घाई का? तिला खेळू दे. आजही पेशंट संपले की मी शेजारच्या शाळेच्या रिंगवर चेंडू टाकते, आणि मनगट अजून तेच करतं. ते दहा वर्षांपूर्वी कोणाच्या तरी समोर करायला हवं होतं.


किल्लेदार

केतकीताई, __/\__

पुतणीच्या आईवडिलांना हा प्रतिसाद पाठवतोय.


निरंजन७७

केतकी, मनापासून लिहिलंत. पण भारतात खेळणाऱ्या मुलींपुढे तरी दुसरं काय आहे? रेल्वेत नोकरी, बस.


केतकी_नागपूर

"बस" म्हणू नका. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वेचा दबदबा आहे तो त्या नोकऱ्यांमुळेच. मुलीला पगार, पेन्शन, सरावाला सुटी. त्यामुळे कितीतरी घरांनी मुलींना खेळू दिलं. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, ती मुलींनी बघितली ना! गीतू ॲना जोसला २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या संघांनी चाचणीला बोलावलं, तीही रेल्वेचीच. आणि आता मुली थेट अमेरिकेतल्या कॉलेजांत जातात, बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाला खेळली, हरसिमरन कौर सॅन दिएगोला.


पणजीकर

थोडं अवांतर, पण राहवत नाही.

खेळ आणि डॉक्टरकी एका घरात बघायची तर आमच्या गोव्याच्या वेस पेस यांचं घर बघा. स्वतः डॉक्टर, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक, पुढे क्रीडावैद्यकात मोठं काम. त्यांच्या पत्नी जेनिफर भारताच्या महिला बास्केटबॉल संघाच्या कर्णधार. लिअँडरचं नाव सगळे घेतात, आईचं कोणी घेत नाही.

आणि बास्केटबॉल ज्याने शोधला तो जेम्स नेस्मिथ! १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला खेळ काढला, नंतर डेन्व्हरला जाऊन १८९८ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. आधी खेळ, मग मेडिकल. तुमच्या लेकीचाच क्रम.


शर्वरी

पणजीकर, हे फार आवडलं. मीही दोन नावं घालते. डॉट रिचर्डसन, सॉफ्टबॉल. ऑर्थोपेडिक्सच्या रेसिडेन्सीतून रजा घेऊन १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला उतरली, अंतिम सामन्यात होमरन मारला, सुवर्ण घेऊन परत हॉस्पिटलात. २००० मध्ये पुन्हा सुवर्ण. दुसरी जेनी थॉम्पसन, जलतरण. कोलंबियात मेडिकल शिकता शिकता २००४ च्या अथेन्सला पोहली आणि रौप्य आणलं, आता भूलतज्ज्ञ.


अण्णा_टेक्सास

दोन्ही उदाहरणं वैयक्तिक तयारीची किंवा उन्हाळ्यापुरत्या संघाची आहेत. पोहणारी पहाटे एकटी पाण्यात उतरू शकते. बास्केटबॉलला रोज नऊ जणी अजून लागतात. मेडिकल करता करता लीग खेळणं होत नाही, म्हणून क्रम ठरवावाच लागतो. स्पेनचा एनबीए खेळाडू पाउ गसोल बार्सिलोनात मेडिकलला होता, पहिल्याच वर्षी त्याने सोडलं. त्याचं भलं झालं, पण मेडिकल गेलं ते गेलंच. मुलीच्या वडिलांना हीच भीती असणार, आणि ती रास्त आहे. त्यांना एकटं पाडू नका.


मृण्मयी_ओहायो

अण्णाकाका, हे वाचून बरं वाटलं. नवरा वाईट नाही हो. त्याने स्वतः शिक्षणासाठी खूप सोसलं आहे, त्याला वाटतं हातातलं निसटू नये. काल रात्री त्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. रेवाचं वेळापत्रक त्याने कागदावर उतरवून घेतलं आणि फ्रिजवर लावलं. केतकीताईंच्या प्रतिसादानंतर काही बोलला नाही, उठून बाहेर अंगणात गेला.

मुलीशीही बोलले. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला डॉक्टर व्हायचंय याबद्दल मला शंकाच नाही, म्हणूनच मला खेळायची भीती वाटत नाही." तिचं म्हणणं, गेली तीन वर्षं सेंद्रिय रसायनाचं प्रॅक्टिकल आणि सराव एकाच वेळी यायचे, ती कायम कुठूनतरी लवकर निघालेली आणि कुठेतरी उशिरा पोचलेली असायची. सामन्यांच्या प्रवासात गुडघ्यावर बर्फाची पिशवी आणि मांडीवर जैवरसायनाची कार्डं. एक वर्ष तरी फक्त बास्केटबॉल खेळून बघायचा आहे, दुसरं काही डोक्यात न ठेवता.

निरंजन, तुम्ही म्हणता ते शेवटचं वर्ष तिला द्यायचं आहे. ती म्हणाली, "पासष्टाव्या वर्षीचं एक वर्ष देते, बाविसाव्याचं घेते."


निरंजन७७

या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. मुलगी हुशार आहे. जाऊ दे तिला.


हाडवैद्य_नाशिक

+१. करंगळी विसरू नका.


रेवा_एम

ताई, मग आता घाई शिफारसपत्रांची. ती चौथं वर्ष संपायच्या आत मागायची. प्राध्यापकांना विद्यार्थी वर्षभराने धूसर आठवतो आणि पत्रही तसंच येतं. दोन विज्ञानाच्या प्राध्यापकांचं, एक कोचचं. तिच्या कॉलेजात प्री-मेड (मेडिकलला जाणाऱ्यांसाठीची) समिती असेल तर समितीच्या पत्राची तारीख वेगळी असते, ती आजच विचारा. एमकॅट या उन्हाळ्यात द्यायची. पुढच्या वर्षी नोव्हेंबर ते मार्च तिचा हंगाम असेल, तेव्हा जमणार नाही. दवाखान्यातल्या कामाचे तास कमी असतील तर तेही याच उन्हाळ्यात, खेळाडूंचे अर्ज बहुतेक तिथेच कमी पडतात.


मृण्मयी_ओहायो

रसायनाच्या सरांकडे ती सोमवारी जातेय. एजंट म्हणतो पदवीच्या वर्षात कराराचा मसुदा येईल. असा करार कोणी पाहिला आहे का? आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही.


शर्वरी

माझी मैत्रीण पोर्तुगालमध्ये खेळली, तिचा करार मी वाचला होता. एवढ्या गोष्टी बघा: एजंटकडे फिबाचा (जागतिक बास्केटबॉल महासंघाचा) परवाना आहे का. त्याचा वाटा क्लब देणार की पगारातून कापणार. दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा आणि पगार चालू राहणार का. मधेच काढलं तर परतीचं तिकीट कोण देणार. युरोपाबाहेरच्या खेळाडूंच्या जागा बहुतेक लीगमध्ये मोजक्याच असतात, त्यामुळे हंगामाच्या मध्यात दुसरी आणून हिला घरी पाठवणं होतं. आणि पगार थकला तर वाद जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाकडे जाईल असं कलम हवंच, माझ्या मैत्रिणीच्या करारात ते नव्हतं आणि शेवटचे दोन महिने तिला पैसेच मिळाले नाहीत.

मसुदा आला की मला व्यनि करा, मैत्रिणीला दाखवते.